अरण्यातील लेख आणि एकटा वाचक : माया अवशेषांच्या स्वतंत्र यात्रेविषयी

१. प्रश्न

१९५२ साली लेनिनग्राड येथील युरी क्नोरोझोव्ह या तरुण संशोधकांनी एका सोव्हिएत मानववंशशास्त्रीय नियतकालिकात मध्य अमेरिकेच्या प्राचीन लेखनाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला आणि माया चिन्हांच्या ध्वन्यात्मक वाचनाची पद्धती मांडली. त्या वेळी त्यांनी एकही माया नगर पाहिलेले नव्हते. ग्वाटेमालाच्या भूमीवर त्यांचे पाऊल प्रथम पडले ते १९९० साली, म्हणजे निबंधानंतर अडतीस वर्षांनी. तेव्हा भाषेच्या विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारणे रास्तच आहे की, ज्या लिपीचे वाचन ग्रंथालयात बसून साधले, तिचे लेख पाहण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून, नदी व चिखल तुडवीत अरण्यात जावयाचे ते कशासाठी? लेखांच्या रेखाकृती व छायाचित्रे आज घरबसल्या उपलब्ध आहेत. झिजलेल्या दगडापेक्षा पुष्कळदा ती अधिक स्पष्टही असतात.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील पालेंके आणि उसुमासिन्ता नदीकाठचे याशचिलान ही दोन स्थळे मुख्यतः विचारात घेतली आहेत. प्रवास 'स्वतंत्र' म्हणताना प्रवासी-मंडळाच्या ठराविक सहलीत सामील न होता, स्वतःच्या वेळेने, सार्वजनिक वाहनाने व स्थानिक नावाड्याच्या साहाय्याने केलेला प्रवास अभिप्रेत आहे. हा भेद केवळ खर्चाचा वा सोयीचा नाही. पालेंकेहून निघणारी एका दिवसाची सहल बोनाम्पाक व याशचिलान ही दोन्ही स्थळे उरकते आणि याशचिलानच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. तेवढ्यात नगर पाहून होते, पण त्यातले लेख वाचून होत नाहीत.

उच्चारांविषयी एक सूचना आरंभीच केली पाहिजे. माया भाषांत क, त, च, त्स यांसारखी साधी व्यंजने आणि कंठद्वार मिटून उच्चारलेली त्यांचीच प्रतिरूपे यांत अर्थभेदक अंतर आहे. देवनागरीत त्यासाठी वेगळी चिन्हे नसल्यामुळे हा भेद येथे दाखविलेला नाही. तसेच पुढे येणाऱ्या 'चोल' या भाषानामाचा दक्षिणेतील चोळ राजकुलाशी नामसादृश्यापलीकडे काहीही संबंध नाही.

२. लिपीची घडण

प्रवासास निघण्यापूर्वी लिपीची तत्त्वे समजून घेणे आवश्यक आहे, आणि या बाबतीत मराठी वाचकाची स्थिती युरोपीय वाचकापेक्षा थोडी सुखाची आहे. माया लिपी ही वर्णमाला नव्हे. तीत दोन प्रकारची चिन्हे येतात : संपूर्ण शब्द दर्शविणारी शब्दचिन्हे आणि एक व्यंजन व एक स्वर मिळून होणारी अक्षरचिन्हे. 'बालम' म्हणजे जग्वार. हा शब्द माया लेखक जग्वारच्या मस्तकाचे एकच चिन्ह काढून लिहू शके. 'बा', 'ला', 'मा' अशी तीन अक्षरचिन्हे मांडूनही लिहू शके. किंवा मस्तकाच्या चिन्हाला 'बा' अथवा 'मा' हे चिन्ह जोडून वाचकाला ध्वनीची खूण देई.

'बा-ला-मा' हे 'बालम' असे का वाचावयाचे, याचे स्पष्टीकरण आपल्याकडे लांबविण्याचे कारण नाही. 'घर' हा शब्द आपण 'घ' आणि 'र' या दोन स्वरयुक्त अक्षरांनी लिहितो व अंत्य 'अ' उच्चारीत नाही. व्यंजनान्त शब्द लिहिताना माया लेखकही शेवटच्या व्यंजनासाठी स्वरयुक्त चिन्ह वापरी आणि वाचक तो स्वर गाळी. भेद एवढाच की आपला अनुच्चारित स्वर नेहमी 'अ' असतो, तर माया लेखनात तो बहुधा आधीच्या स्वराशी जुळता निवडलेला असे. हा स्वरसंवाद हेच क्नोरोझोव्ह यांच्या पद्धतीचे मर्म होते. माया पोथ्यांत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे येतात आणि कुत्र्याच्या चित्रावर दुसरी दोन. पहिल्या जोडीतील शेवटचे चिन्ह आणि दुसऱ्या जोडीतील पहिले चिन्ह एकच आहे. युकातेक भाषेत टर्कीला 'कुत्स' आणि कुत्र्याला 'त्सुल' म्हणतात. तेव्हा पहिली जोडी 'कु-त्सु' आणि दुसरी 'त्सु-लु' अशी वाचली की दोन्ही शब्द, दोन्ही चित्रे आणि सामाईक चिन्ह यांचा मेळ बसतो. यातील 'त्स' म्हणजे आपल्या 'चूल' या शब्दातील दंतमूलीय च. 'त्सुल' आणि 'चूल' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. अर्थात हे सादृश्य केवळ योगायोगाचे आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे की मराठी लेखनात 'चूल' व 'चिमणी' यांतील भिन्न ध्वनी एकाच 'च' ने दाखविले जातात, तर माया लेखक त्यांच्यासाठी वेगवेगळी चिन्हे वापरीत असत.

या उलगड्याचे साधन एका विध्वंसकाच्या हातून आले, हेही येथे सांगितले पाहिजे. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक दिएगो दे लांदा यांनी १५६२ साली युकातानातील मानी या गावी माया पोथ्यांची होळी केली. माया पोथ्यांपैकी आज चारच अवशिष्ट आहेत. पुढे याच लांदांनी युकातानच्या वृत्तान्तात माया लिपीची एक 'वर्णमाला' नोंदविली. लिपी जाणणाऱ्या एका माया गृहस्थास ते स्पॅनिश अक्षरांची नावे सांगत आणि तो त्या नावांचे उच्चार अक्षरचिन्हांनी लिहून देई. स्पॅनिश 'ब' चे नाव 'बे'. म्हणून त्याने 'बे' हे चिन्ह काढले. वाक्य लिहून दाखविण्यास सांगितले तेव्हा त्याने आपल्या भाषेत जे लिहिले त्याचा अर्थ 'माझी इच्छा नाही' असा होतो. १८६४ साली हा वृत्तान्त छापून प्रसिद्ध झाला. वर्णमाला म्हणून ती यादी निरुपयोगी ठरली आणि तिच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. अक्षरचिन्हांची यादी म्हणून तिचे मोल क्नोरोझोव्ह यांनी ओळखले.

तथापि ही यादी पुरेशी नव्हती. चिन्हे वाचून निघणारे ध्वनी कोणत्या तरी जाणत्या भाषेतील शब्द ठरावे लागतात, आणि माया भाषा जिवंत असल्यामुळेच ते शक्य झाले. पुढे क्नोरोझोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधू लिपीकडेही लक्ष वळविले. परंतु तेथे लेख अतिशय त्रोटक, आणि त्यांमागील भाषा कोणती हेच अनिश्चित असल्यामुळे सर्वमान्य वाचन अद्याप हाती आलेले नाही. हा विरोध मनात ठेवून प्रवासास निघावे, कारण तो पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

३. स्थानाचा पुरावा

वरील इतिहास वाचून असे वाटेल की उलगड्याचे सर्व श्रेय ग्रंथालयाकडे जाते. परंतु ध्वनी कळले तरी लेखांचा विषय कोणता, हा प्रश्न वेगळाच होता. एरिक थॉम्पसन यांच्यासारख्या अधिकारी विद्वानांचे मत असे होते की शिलालेखांत कालगणना, ग्रहगती आणि देवदेवता यांखेरीज दुसरे काही नाही. राजे व त्यांच्या लढाया यांना तेथे स्थान नाही. हे मत ढासळले ते १९६० साली, आणि ते ढासळविणाऱ्या तातियाना प्रोस्कुर्याकॉफ या १९३० नंतरच्या दशकात उसुमासिन्ता नदीवरील पिएद्रास नेग्रास या स्थळी उत्खननाच्या पथकात चित्रकार म्हणून प्रत्यक्ष राहिलेल्या होत्या.

त्यांचा युक्तिवाद स्थानावर आधारलेला होता. पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभ विखुरलेले नसून विशिष्ट वास्तूंपुढे गटागटाने उभे केलेले होते. प्रत्येक गटातील पहिल्या स्तंभावर कोनाड्यात उंच बसलेली एक व्यक्ती कोरलेली असे. एका गटातील तारखा मांडून पाहिल्या असता त्यांचा विस्तार एका मनुष्याच्या आयुष्याहून अधिक भरत नव्हता. यावरून प्रोस्कुर्याकॉफ यांनी असे अनुमान काढले की प्रत्येक गट म्हणजे एका राजाची कारकीर्द होय. कोनाड्यातील व्यक्ती म्हणजे राज्यारोहण करणारा राजा. आणि त्याआधीची तारीख त्याच्या जन्माची. एकही चिन्ह ध्वनिरूपाने न वाचता त्यांनी 'जन्म' व 'राज्यारोहण' या अर्थांची चिन्हे निश्चित केली. १९९८ साली त्यांच्या अस्थी पिएद्रास नेग्रास येथेच पुरण्यात आल्या.

सारांश, माया लेखांचे वाचन दोन गोष्टींवर उभे राहिले : क्नोरोझोव्ह यांनी ग्रंथांतून काढलेला ध्वनी आणि प्रोस्कुर्याकॉफ यांनी जागेवरून काढलेला विषय. लेखाचे स्थान हा लेखाच्या अर्थाचाच एक अंश आहे, हे यातून दिसते, आणि प्रवाशाच्या श्रमांचे समर्थन आहे तेही येथेच.

४. पालेंके : एका सभाचौकातील विरोध

पालेंके हे प्रवासास आरंभ करण्यास योग्य स्थळ. आधुनिक गावापासून अवशेषांपर्यंत सार्वजनिक वाहने जातात, वाटा आखलेल्या आहेत, आणि नवख्या वाचकाला अभ्यासाला पुरेल इतके कोरीव लेख तेथे आहेत. लेख कसा वाचावयाचा, ही सवय प्रथम येथे करावी. चिन्हखंड दोन-दोन स्तंभांच्या जोड्यांनी वाचावयाचे : पहिल्या ओळीतील डावा, मग उजवा, नंतर खालच्या ओळीतील डावा, मग उजवा, जोडी संपली की पुढची जोडी. टिंब म्हणजे एक, आडवी किंवा उभी पट्टी म्हणजे पाच. दीर्घगणनेच्या तारखेत पाच स्थाने असतात आणि त्यांची मूल्ये अनुक्रमे १,४४,०००, ७,२००, ३६०, २० आणि १ दिवस अशी आहेत. कागद-पेन्सिल घेतलेल्या कोणासही पहिल्याच दिवशी तारीख काढता येते. तारखेनंतर क्रियापद आणि क्रियापदानंतर कर्ता : माया वाक्यरचनेत क्रियापद आधी येते, आणि ही गोष्ट मनात असली म्हणजे अपरिचित लेखातही 'केव्हा', 'काय झाले' आणि 'कोण' यांच्या जागा ओळखता येतात.

पालेंकेचा सर्वांत प्रसिद्ध राजा किनिच हनाब पकाल. जन्म ६०३, राज्यारोहण ६१५, मृत्यू ६८३. 'पकाल' म्हणजे ढाल. त्याचे नाव कधी ढालीच्या चित्राने, तर कधी 'पा-का-ला' अशा अक्षरांनी लिहिलेले आढळते. लिपीची दोन्ही अंगे एकाच नावात दिसावी, असे याहून सोपे उदाहरण नाही. त्याची समाधी 'शिलालेखांचे मंदिर' या वास्तूच्या पोटात आल्बेर्तो रुझ यांनी १९५२ साली, म्हणजे क्नोरोझोव्ह यांचा निबंध निघाला त्याच वर्षी, उघडली. समाधीत कोण आहे हे त्या वेळी कोणासही वाचता आले नाही. १९७३ साली पालेंके येथेच भरलेल्या परिषदेत लिंडा शीले, फ्लॉइड लाउन्सबरी व पीटर मॅथ्यूज यांनी राजवंशावळ जुळवून दाखविली. समाधीत सामान्य प्रवाशास आता प्रवेश नाही. तिची प्रतिकृती स्थळाच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.

तथापि भाषेच्या विद्यार्थ्याने अधिक वेळ द्यावा तो राजवाड्याच्या पूर्वेकडील चौकाला. तेथे 'क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या पायऱ्यांवर लेख आहे. त्यात ५९९ साली सर्प-राजचिन्हाच्या शत्रुराज्याने पालेंकेवर केलेल्या आघाताची नोंद आहे, म्हणजे पराभवाची. याच पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकलेल्या बंदिवानांच्या आकृती असून समोरच्या बाजूस आणखी मोठ्या बंदिवानांच्या शिळा आहेत. ग्रंथांत लेखाची रेखाकृती एका पृष्ठावर आणि बंदिवानांची चित्रे भलत्याच पृष्ठावर येतात. त्यामुळे एखाद्या राजाने आपल्या घराण्याची मानहानी दगडात कोरून का ठेवावी, हे कोडे वाटते. चौकात मध्यभागी उभे राहिले असता दोहोंचा संबंध दृष्टीस पडतो. पायरीवर जुना अपमान, आणि त्याच्या अवतीभवती पुढील काळात पकडून आणलेले शत्रू. ज्याला चौकात आणले जाई त्याने दोन्ही एकदम पाहावे, अशी ही मांडणी आहे. हा अर्थ दोन कोरीव कामांमधील अंतरात आहे, कोणत्याही एका चिन्हात नाही.

५. याशचिलान : रिकामी चौकट

पालेंकेहून याशचिलानला जाण्यासाठी आग्नेयेकडे सुमारे १६० किलोमीटर अंतर तोडून फ्रोंतेरा कोरोसाल या नदीकाठच्या वस्तीस यावे लागते. तेथून पुढे रस्ता नाही. उसुमासिन्ता ही येथे मेक्सिको आणि ग्वाटेमाला यांची सीमा आहे, आणि तिच्या प्रवाहाबरोबर यंत्राच्या लांबट होडीने पाऊण ते एक तास गेले की डाव्या तीरावर, नदीच्या एका मोठ्या वळणात, हे नगर लागते. परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध असल्याने अधिक वेळ घेतो. होडीचे भाडे साधारणतः संपूर्ण होडीचे असते. एकट्या प्रवाशाने धक्क्यावर थांबून सोबती मिळवावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ त्यातल्या त्यात बरा. आदल्या रात्री वस्तीत मुक्काम करून पहिल्या होडीने जावे, कारण झिजलेले कोरीव काम तिरप्या सकाळच्या उन्हातच उठून दिसते आणि दुपारी डोक्यावर आलेल्या सूर्याने सपाट होऊन जाते.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे कर्तव्य आहे. २०२३ पासून चियापासच्या या सीमाभागात सशस्त्र टोळ्यांच्या संघर्षामुळे प्रवास धोक्याचा झाला होता व अवशेषांकडील वाहतूकही विस्कळीत झाली होती. परिस्थिती बदलत राहते. म्हणून पालेंके येथे पोहोचल्यावर पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांकडे व गाडीवाल्यांकडे ताजी चौकशी करावी आणि त्यांनी नको म्हटल्यास पालेंकेवरच समाधान मानावे. लेख बाराशे वर्षे थांबले आहेत. ते आणखी एक वर्ष थांबतील.

याशचिलानचे वैशिष्ट्य म्हणजे दाराच्या चौकटीवर आडव्या बसविलेल्या कोरीव दगडी पट्ट्या. त्यांचे शिल्प पुष्कळदा दर्शनी बाजूस नसून खालच्या अंगास असते. याचा अर्थ असा की ते पाहण्यासाठी उंबरठ्यावर उभे राहून मान वर करावी लागते, आणि पाहणारा कोणत्या दिशेला तोंड करून आत जात आहे यावर चित्र सरळ दिसणे अवलंबून असते. ग्रंथातील रेखाकृतीत ही पट्टी भिंतीवरील चित्रासारखी उभी छापलेली असते. वाचकाच्या शरीराला लागणारी ही वाकण तेथे नाहीशी होते. टेकडीवरील ३३ क्रमांकाच्या वास्तूत, तेरा कोरीव शिळांच्या पायरीमागे, तीन दारांवरील पट्ट्या अद्याप मूळ जागी आहेत. ७५२ साली राज्यावर आलेल्या 'पक्षी-जग्वार' या राजाविषयीचे ते लेख आहेत. पहारेकऱ्याची अनुमती घेऊन विजेरीचा झोत बाजूने टाकला तर चिन्हांच्या कडा स्पष्ट होतात.

खाली मोठ्या चौकातील २३ क्रमांकाची वास्तू मात्र वेगळा अनुभव देते. या राजाचा पिता इत्सामनाह बालम याची राणी इश काबाल शोक हिचे हे घर. दर्शनी बाजूच्या तीन दारांवर अनुक्रमे २४, २५ व २६ क्रमांकांच्या पट्ट्या होत्या. माया शिल्पकलेतील अत्युत्कृष्ट कामांत त्यांची गणना होते. पहिलीत राणी काटेरी दोरी जिभेतून ओढीत आहे व राजा तिच्यावर मशाल धरून उभा आहे. प्रसंग ७०९ सालचा. दुसरीत तिच्यापुढे महासर्पाच्या जबड्यातून एक शस्त्रधारी पुरुष प्रकट होत आहे. तारीख ६८१, राजाच्या राज्यारोहणाची. तिसरीत ती राजाला युद्धसाज देत आहे, साल ७२४. यांपैकी पहिल्या दोन पट्ट्या आल्फ्रेड मॉड्स्ले यांच्या १८८२ च्या भेटीनंतर काढून लंडनला नेण्यात आल्या व ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिसरी मेक्सिको नगरातील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जागेवर आहेत ती फक्त दारे.

रिकामे दार पाहण्यासाठी इतक्या दूर यावे काय? यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. क्रमांकांनुसार किंवा सालांनुसार पट्ट्या मांडल्या असता जे दिसत नाही ते दारांपुढे उभे राहिल्यावर ध्यानात येते : सर्वांत जुना प्रसंग, राज्यारोहणाचा, मधल्या दारावर होता आणि नंतरचे दोन प्रसंग त्याच्या दोन बाजूंस. या घराची मांडणी कालक्रमाची नसून मध्य आणि पार्श्व यांची आहे. शिवाय मधल्या पट्टीवरील लेख आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा कोरलेला आहे. त्याची कारणे विद्वानांनी वेगवेगळी सुचविली आहेत. परंतु ही उलट रचना मुख्य दारात, प्रवेश करणाऱ्याच्या डोक्यावर होती, ही गोष्ट कोणत्याही स्पष्टीकरणात जमेस धरावी लागेल, आणि संग्रहालयाच्या भिंतीपुढे ती सुचत नाही.

६. 'त्याचे घर'

या वास्तूच्या लेखांत तिला राणीचे घर म्हटले आहे आणि त्यासाठी 'योतोत' हा शब्द आला आहे. 'ओतोत' म्हणजे घर. त्याला लागलेला 'य' हा तृतीय पुरुषाचा, 'त्याचे' किंवा 'तिचे' या अर्थाचा पूर्वप्रत्यय. हा प्रत्यय स्वरापूर्वी 'य' व व्यंजनापूर्वी 'उ' असा येतो. फ्रोंतेरा कोरोसाल ही वस्ती १९७० नंतरच्या दशकात अन्य भागांतून आलेल्या, मुख्यतः चोल भाषा बोलणाऱ्या कुटुंबांची. तेथील नावाड्यास घराला काय म्हणतात असे विचारले असता 'ओत्योत्य' हे उत्तर मिळाले, आणि 'त्याचे घर' कसे म्हणावयाचे असे विचारता 'योत्योत्य'. तकाराचे तालव्यीभवन सोडले तर तो दगडावरचाच शब्द. प्रत्ययाच्या जागेतही तेराशे वर्षांत बदल झालेला नाही.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. हा नावाडी याशचिलानच्या राजांचा वंशज आहे, असे या साम्यावरून सिद्ध होत नाही. त्याचे कुटुंब तेथे आले त्याला अर्धशतकच झाले आहे. शिलालेखांची भाषा चोल शाखेच्या पूर्वेकडील पोटशाखेतील असून आजच्या भाषांपैकी ग्वाटेमालात, कोपान-परिसराच्या जवळ बोलली जाणारी चोर्ती ही तिला सर्वांत निकटची, असे मत स्टीफन ह्यूस्टन, जॉन रॉबर्टसन व डेव्हिड स्टुअर्ट यांनी २००० साली साधार मांडले. चोल ही तिची जवळची आप्त. याच अरण्यातील लाकान्दोन लोकांची भाषा युकातेक शाखेची. तेही येथे वसाहतकाळात येऊन राहिले. तरीही ते पिढ्यान्‌पिढ्या याशचिलान येथे धूप जाळण्यास येत, आणि ३३ क्रमांकाच्या वास्तूतील शिर तुटलेल्या राजमूर्तीविषयी त्यांची अशी श्रद्धा होती की ते शिर पुन्हा जागी बसले की जगाचा अंत होईल. शेजारच्या त्सेल्ताल भाषेत घराला 'ना' म्हणतात, युकातेकमध्ये 'ओतोच'. एका दिवसाच्या प्रवासात तीन-चार भगिनीभाषा कानी पडतात आणि लेखाशी प्रत्येकीचे नाते वेगळे असते. रक्त, भूमी आणि भाषा यांचे वारसे एकाच रेषेत चालत नाहीत, हा भाषाशास्त्रातील प्राथमिक धडा येथे धक्क्यावर उभे राहून शिकता येतो.

यामुळेच 'अरण्यात लुप्त झालेली संस्कृती' हा प्रवासवर्णनांतील आवडता शब्दप्रयोग टाळणे बरे. याशचिलानवरील शेवटची ज्ञात तारीख ८०८ सालची आहे आणि नवव्या शतकात या भागातील राजसत्ता एकामागून एक मोडल्या, हे खरे. परंतु माया भाषा आजही सुमारे तीस आहेत व त्यांचे भाषक पन्नास लाखांहून अधिक आहेत. अरण्यही पुरातन नव्हे. ग्वाटेमालाच्या पेतेन भागात विमानातून लेसर-किरणांनी केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात सुमारे २,१४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात ६१,००० हून अधिक वास्तू आढळल्या. आज जेथे वृक्षराजी आहे तेथे एके काळी शेते, बांध आणि वस्त्या होत्या.

७. वाचकाचे कर्तव्य

स्थान हा अर्थाचा अंश असेल तर स्थानापासून लेख तोडणे म्हणजे लेखाचा तेवढा भाग पुसणे होय. १९६० नंतरच्या काळात चोरांनी शिलास्तंभ करवतीने कापून विदेशी बाजारात विकले. एकाच शैलीचे अनेक लेखपट्ट अशा रीतीने संग्रहांत पोहोचले, पण ते कोठले हे कोणासही ठाऊक नव्हते. पीटर मॅथ्यूज यांनी त्या अज्ञात नगरास स्पॅनिशमधील 'कोणते?' या प्रश्नावरून 'स्थळ क्यू' असे नाव दिले. पेतेनमधील ला कोरोना हेच ते स्थळ, असा तर्क १९९७ च्या शोधयात्रेनंतर बळावला आणि २००५ साली तेथे मूळ जागी सापडलेल्या लेखपट्टाने त्याची खात्री पटली. मधली सुमारे तीन दशके विद्वान ते लेख वाचीत होते, परंतु ते कोणाच्या घरातले, कोणत्या भिंतीवरचे, हे सांगू शकत नव्हते.

स्वतंत्र प्रवाशावर देखरेख करणारा मार्गदर्शक सोबत नसतो. म्हणून त्याने स्वतःला काही नियम घालून घ्यावे. कोरीव दगडाला हात लावू नये; ठसे घेऊ नयेत; खडू वा पाणी लावून चिन्हे उठावदार करू नयेत. 'जुनी' म्हणून विकावयास आणलेली वस्तू घेऊ नये. होडी, निवास आणि वाटाड्या हे शक्यतो त्या वस्तीतीलच घ्यावे. आणि शब्द विचारावयाचे तर विचारण्याचे कारण सांगून, समोरच्याची सवड पाहून, विचारावे. लांदांपुढे बसलेल्या त्या लेखकाने जे उत्तर लिहून ठेवले ते अशा प्रसंगी आठवावे.

क्नोरोझोव्ह यांना प्रवासाची मोकळीक नव्हती. त्यांनी जे मिळाले त्यातून लिपीचा ध्वनी शोधला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यास अशा प्रवासाची संधी मिळेल त्याने निघण्यापूर्वी एक वर्ष अक्षरचिन्हांची तोंडओळख, कालगणना आणि थोडी स्पॅनिश यांना द्यावे. चोल शब्दांची लहानशी यादी वहीत उतरून घ्यावी. आणि एका स्थळी एका दिवसाऐवजी तीन दिवस राहावे. पहिल्या दिवशी वास्तू पाहून होतील, दुसऱ्या दिवशी तारखा लावून होतील. तिसऱ्या दिवशी वही मिटून प्रत्येक लेखाकडे मूळ वाचक ज्या वाटेने येत असे त्या वाटेने चालत जावे, आणि त्याला आधी काय दिसे व मग काय, याची नोंद करावी. अशी नोंद प्रकाशित रेखाकृतींच्या शेजारी ठेवली असता तिच्यात भर घालण्यासारखे काही ना काही निघाल्यावाचून राहणार नाही.